युनिकॉर्नचे शिंग आणि अनुभववादाची कुळकथा

जुलै १६६१. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात काही शिकलेसवरलेले, खाऊनपिऊन सुखी गृहस्थ जमले होते. युनिकॉर्नच्या शिंगाची म्हणून विकली जाणारी पूड त्यांनी वर्तुळाकार पसरली आणि मधोमध एक कोळी सोडला. या शिंगात विष उतरवण्याची शक्ती असते, विषारी जीव त्याची रेषा ओलांडू शकत नाही, असा शतकानुशतकांचा समज होता. कोळी तडक रेषेपलीकडे निघून गेला. पुन्हा आणून ठेवला, पुन्हा गेला. असे बरेचदा झाल्यावर इतिवृत्तात तशी नोंद झाली. या मंडळींना पुढच्याच वर्षी राजाची सनद मिळाली आणि ती रॉयल सोसायटी म्हणून जगाला माहीत झाली. कुणाच्याही शब्दावर विसंबू नका, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य तिने स्वीकारले.

विज्ञानाने अंधश्रद्धेला चारी मुंड्या चीत केले, अशा थाटात ही गोष्ट सांगायची पद्धत आहे. सांगता येतेही, फक्त तेव्हाच्या सभासदांची नावे वगळावी लागतात. एलियास अ‍ॅशमोल कुंडल्या मांडणारा होता. किमयेवरच्या जुन्या इंग्रजी काव्यांचा त्याचा जाडजूड संग्रह १६५२ साली प्रसिद्ध झाला होता. सर रॉबर्ट मरे किमयेचा व्यासंगी होता. सर केनेल्म डिग्बी एका अजब पुडीसाठी युरोपभर गाजत होता. ती जखमेला लावायचीच नव्हती, तरी जखम बरी करायची. या लोकांना युनिकॉर्नच्या शिंगाचे हसू आले नसणार. त्यांना ते तपासून पाहण्याजोगे वाटले, आणि या लेखाचा विषय इथेच सुरू होतो.

तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत अनुभववादाची वंशावळ सुटसुटीत असते. फ्रान्सिस बेकनने पाया घातला, जॉन लॉकने मन कोऱ्या कागदासारखे असते असे सांगितले, बर्कलीने जडद्रव्यच नाकारले आणि डेव्हिड ह्यूमने कार्यकारणभावाचीही सालपटे काढली. ज्ञानाचा उगम इंद्रियानुभवात आहे, हे या घराण्याचे ब्रीद. या वंशावळीत किमयागार, ज्योतिषी, देवदूतांशी बोलणारे आणि मंत्रतंत्राचे अभ्यासक कुठेच नसतात. घराण्याच्या इस्टेटीत त्यांचा वाटा मात्र मोठा आहे.

मुळाकडे जायचे तर वैद्यांपासून सुरुवात करावी लागते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या परिसरात वैद्यांचा एक पंथ उभा राहिला. कॉसचा फिलिनस आणि अलेक्झांड्रियाचा सेरापियन हे त्याचे आद्य पुरुष मानले जातात. रोगाची गुप्त कारणे शोधत बसण्यात अर्थ नाही, ती कळणारच नाहीत, असे या वैद्यांचे म्हणणे. भरवसा तीन गोष्टींवर: स्वतः पाहिलेले, इतरांनी पाहून नोंदवलेले, आणि नवा रोग समोर आला तर त्याच्यासारख्या जुन्या रोगावरचा उपाय. संशयवादाचा मोठा भाष्यकार सेक्स्टस एम्पिरिकस याला नाव मिळाले ते याच पंथावरून. म्हणजे अनुभववादाचे पहिले घर दवाखाना होते, आणि गुप्त कारणांना त्या घरात मज्जाव होता.

तो मज्जाव टिकला नाही. का टिकला नाही, हे समजण्यासाठी मध्ययुगातल्या ॲरिस्टॉटलपंथी विद्यापीठांत डोकवावे लागते.

तिथे पदार्थाचे गुण दोन मूळ जोड्यांतून समजावून दिले जात: उष्ण-शीत, कोरडे-ओले. मिरी तिखट का, बर्फ बधिर का करतो, हे त्यावरून सांगता येई. पण लोहचुंबक लोखंड का ओढतो? झटका देणारा मासा स्पर्श होण्याआधीच हात बधिर कसा करतो? चार गुणांच्या गणितात हे बसत नव्हते. मग अशा शक्तींना ‘गुप्त गुण’ असे नाव देऊन एका कोपऱ्यात ठेवले गेले. त्यांचा परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. तर्काने त्या आधी ओळखता येत नाहीत, करूनच बघाव्या लागतात. विद्यापीठातला पंडित त्यांच्याकडे पाठ फिरवत असे, कारण त्याच्या लेखी शास्त्र म्हणजे कारणांपासून निघणारे अनुमान. उरलेला कोपरा कुणाच्या वाट्याला आला? वैद्य, खाणकामगार, चुंबकसूई वापरणारे खलाशी, आणि जादूगार.

जादूगाराला अनुभवाचा आधार घ्यावा लागला याचे कारण असे सरळ आहे. त्याच्याकडे दुसरे साधनच नव्हते. रॉजर बेकनने १२६७ मध्ये पोप चौथ्या क्लेमेंटसाठी लिहिलेल्या महाग्रंथात प्रयोगशास्त्राला स्वतंत्र भाग दिला. इंद्रधनुष्याची चिकित्सा त्याच भागात आहे आणि आयुष्य वाढवण्याच्या गुप्त उपायांची भलामणही त्याच भागात आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवलेला गुप्तविद्येचा एक ग्रंथ त्याने टिपांसह संपादित केला होता. आजच्या वाचकाला हा माणूस दुभंगलेला वाटतो. त्याला स्वतःला तसे काही वाटत नसावे.

पुढची दोन शतके ओलांडून फ्लॉरेन्सला येऊ. १४६३ मध्ये मार्सिलिओ फिचिनोने कोझिमो दे मेदिचीच्या आज्ञेवरून हर्मीस या पुराणपुरुषाच्या नावावरचे ग्रीक ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. प्लेटोचे भाषांतर थोडे बाजूला ठेवून हे काम आधी हाती घ्यावे, अशी म्हाताऱ्या कोझिमोची इच्छा होती. हे ग्रंथ मोझेसच्या काळाइतके जुने आहेत अशी सर्वांची समजूत होती. ते ख्रिस्तोत्तर काळातले आहेत हे आयझॅक कॅसोबाँने भाषेच्या पुराव्यावरून दाखवले ते १६१४ साली. मधल्या दीडशे वर्षांत ‘निसर्गजादू’ ही प्रतिष्ठित विद्या होऊन बसली. तिचे उपासक आवर्जून सांगत, आमचा भुताखेतांशी संबंध नाही. निसर्गात देवाने लपवलेल्या शक्ती आम्ही फक्त जोडतो. शेतकरी बी आणि जमीन जोडतो तसे.

नेपल्सच्या जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ताने या विद्येचा ग्रंथ आधी १५५८ मध्ये चार भागांत आणि मग १५८९ मध्ये वाढवून वीस भागांत काढला. लसणाची गोष्ट त्यातली आहे. लसणाने लोहचुंबकाची शक्ती जाते, असे प्लुटार्कपासून सगळे लिहीत आले होते. पोर्ताने खलाशांना विचारले, चुंबकसूईजवळ जाताना तुम्ही लसूण खायचे टाळता का? खलाशांनी त्याला वेड्यात काढले. कांदा-लसूण सोडण्यापेक्षा ते जीव सोडतील. तेवढ्यावर न थांबता त्याने लसूण खाऊन चुंबकावर ढेकर दिले, मग चुंबकाला लसणाचा रस चोपडला. चुंबक पूर्वीसारखाच. पंधरा शतकांचा ग्रंथप्रामाण्याचा डोलारा पाकळीभर लसणाने खाली आणणारा हा माणूस स्वतःला निसर्गजादूचा अभ्यासक म्हणवत होता, हे लक्षात ठेवावे.

याच पोर्ताने पुढे लिहून ठेवले की हिऱ्यावर घासलेली लोखंडी सुई उत्तरेकडे वळते. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने साक्षीदारांसमोर पंचाहत्तर हिरे घेऊन ते करून पाहिले आणि १६००च्या आपल्या चुंबकावरील ग्रंथात पोर्ताला खोटे पाडले. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे हा गिल्बर्टचा निष्कर्ष आजही शाबूत आहे. पृथ्वीला आत्मा आहे आणि चुंबकत्व त्या आत्म्याचा व्यापार आहे, हा त्याच ग्रंथातला दुसरा निष्कर्ष आपण सोयीस्करपणे विसरलो.

नोंदी काटेकोर ठेवल्या की ज्ञान आपोआप खरे होते, असे मानणाऱ्यांनी जॉन डीचे चरित्र वाचावे. लंडनजवळच्या मॉर्टलेकला त्याचा ग्रंथसंग्रह होता. इंग्लंडमधल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या खासगी संग्रहांपैकी तो एक. युक्लिडच्या पहिल्या इंग्रजी भाषांतराला १५७० मध्ये त्याने लिहिलेली प्रस्तावना गणिताच्या इतिहासात मानाची आहे. १५८२ पासून हा विद्वान एडवर्ड केली नावाच्या माणसाला स्फटिकासमोर बसवू लागला. केलीला देवदूत दिसत, ऐकू येत; डी शेजारी बसून शब्द न् शब्द उतरवून घेई. तारीख, वेळ, कोण आले, काय बोलले, सारे. १५८७ मध्ये बोहेमियात असताना केलीने देवदूतांची आज्ञा कळवली की दोघांनी एकमेकांच्या बायकाही सामाईक मानाव्यात. डी हादरला, पण करारावर सही केली. अनुभव नोंदवण्याची एवढी निष्ठा, आणि पाहणारा डोळा मात्र दुसऱ्याचा. त्या नोंदी १६५९ मध्ये छापून चव्हाट्यावर आणल्या मेरिक कॅसोबाँने, हर्मीसचे वय उघड करणाऱ्या आयझॅकच्या मुलाने. बाप-लेकांनी गूढविद्येचे जेवढे नुकसान केले तेवढे धर्मपीठालाही जमले नसेल.

फ्रान्सिस बेकन या सगळ्यांचा वारस. १६२०च्या ‘नोव्हम ऑर्गनम’मध्ये त्याने मनाच्या भ्रमांची चार प्रकारांत मांडणी केली, निरीक्षणांचे तक्ते कसे करावेत ते सांगितले. पॅरासेल्सस आणि किमयागारांवर त्याने कोरडे ओढले. त्यांची गुप्तता, त्यांची सांकेतिक भाषा, एकेकट्याने भट्टीसमोर बसून ऐश्वर्याची स्वप्ने पाहणे त्याला मंजूर नव्हते. ज्ञान अनेकांनी मिळून, उघडपणे, पिढ्यान्‌पिढ्या करायचे काम आहे, हे त्याचे खरे योगदान. निसर्गावर सत्ता मिळवण्याचे ध्येय मात्र त्याने जादूगारांकडूनच घेतले. ‘मॅजिक’ हा शब्दही टाकून न देता शुद्ध करून पुन्हा वापरात आणावा, असे त्याचे मत होते. इटालियन इतिहासकार पाओलो रोस्सीने १९५७ मध्ये बेकनवर ग्रंथ लिहून हा ऋणानुबंध सविस्तर मांडला.

आणि बेकनचे चामखीळ! ‘सिल्व्हा सिल्व्हारम’ हा निरीक्षणांचा जाडा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात तो सांगतो की कोवळ्या वयात पॅरिसमध्ये असताना त्याच्या हातांवर शंभराच्या आसपास चामखीळ उठले होते. इंग्रज राजदूताच्या पत्नीने ते कातडीसकट कापलेल्या डुकराच्या चरबीच्या तुकड्याने घासले आणि तो तुकडा दक्षिणेकडच्या खिडकीला खिळ्याने ठोकून ठेवला. चरबी वितळत गेली, पाच आठवड्यांत चामखीळ गेले. लहानपणापासूनचा एक होता, तोही गेला. अनुभववादाच्या जनकाने हा अनुभव स्वतःच्या कातडीवर घेतला होता. चामखीळ विषाणूमुळे होतात आणि पुष्कळदा आपोआप जातात, हे कळायला तीन शतके लागली.

त्याच ग्रंथात बेकन शस्त्रलेपाचाही उल्लेख करतो. आपला पूर्ण विश्वास नाही, असे म्हणत. हा लेप सतराव्या शतकातला सर्वांत गाजलेला वैद्यकीय वाद होता. कवटीवर उगवलेले शेवाळ, माणसाची चरबी, ममीची पूड, जखमी माणसाचे रक्त असे काय काय घालून मलम करायचे आणि ते जखमेला न लावता ज्या शस्त्राने जखम झाली त्या शस्त्राला लावायचे. जखम नुसती धुऊन स्वच्छ कापडाने बांधून ठेवायची. बेल्जियमच्या फान हेल्मोंटने १६२१ मध्ये या उपचाराची बाजू घेतली आणि पुढे धर्मन्यायालयाच्या चौकशीला व नजरकैदेला तोंड दिले. डिग्बीची पुडी म्हणजे याच लेपाचे सुटसुटीत रूप. १६५८च्या त्याच्या प्रसिद्ध व्याख्यानात जेम्स हॉवेल या लेखकाच्या हाताच्या जखमेची कथा आहे. रक्ताने माखलेली पट्टी पुडीच्या पाण्यात बुडवताच दूर उभ्या हॉवेलची आग शमली. पट्टी बाहेर काढून शेकोटीपुढे वाळवताच ती पुन्हा भडकली.

यातली गंमत अशी की रोगी खरोखर बरे होत होते. त्या काळी जखमेवर शेणापासून विषारी क्षारांपर्यंत काहीही थापत. लेप शस्त्राला लावल्यामुळे जखम त्यातून वाचली, स्वच्छ राहिली आणि भरून आली. अनुभव खरा, साक्षीदार प्रामाणिक, निष्कर्ष साफ चुकीचा. अनुभववादाची सगळी अडचण या एका उदाहरणात सामावली आहे, आणि ती सोडवायची तर अनुभव आणखी गोळा करून भागणार नव्हते. लेप न लावलेले रोगी शेजारी ठेवून पाहायला हवे होते. ते कुणी केले नाही.

फान हेल्मोंटला मोजमाप येत नव्हते असे मात्र नाही. दोनशे पौंड कोरड्या मातीत त्याने पाच पौंडांचे विलोचे रोप लावले, पाच वर्षे फक्त पाणी घातले आणि शेवटी वजन केले: झाड एकशे एकोणसत्तर पौंडांवर, माती जेमतेम दोन औंस कमी. झाड पाण्यापासून बनते, असा त्याने निष्कर्ष काढला. ‘गॅस’ हा शब्द जगाला देणाऱ्या या माणसाला झाड वायूही खाते हे सुचू नये, हा इतिहासाचा खट्याळपणा.

रॉबर्ट बॉइल, जॉन लॉक आणि आयझॅक न्यूटन यांच्यातला एक व्यवहार पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. धातूंचे सोने करण्यावर इंग्लंडमध्ये १४०४ पासून बंदी होती. तो कायदा १६८९ मध्ये बॉइलच्या खटपटीने रद्द झाला. १६९१च्या अखेरीस बॉइल वारला. त्याच्या कागदपत्रांची छाननी ज्यांच्याकडे होती त्यांत लॉकही होता; मानवी आकलनावरचा त्याचा निबंध तेव्हा नुकताच प्रसिद्ध झाला होता. बॉइलकडे एक ‘लाल माती’ होती, किमयेच्या कृतीतला मोलाचा घटक. १६९२ मध्ये लॉकने त्यातली काही न्यूटनला पाठवली आणि दोघांमध्ये तिच्याविषयी सावध पत्रव्यवहार झाला. न्यूटनने कृतीबद्दल शंका काढल्या. नव्या विज्ञानाचा अग्रणी आणि अनुभववादाचा आचार्य पारसाच्या पुडीची देवाणघेवाण करत होते, यात फसवणूक नाही की ढोंग नाही. पदार्थाची आतली घडण इंद्रियांना दिसत नाही, ही लॉकच्या तत्त्वज्ञानातली मध्यवर्ती कबुली आहे. मग काय शक्य आणि काय अशक्य हे खुर्चीत बसून कसे ठरवणार?

रॉयल सोसायटीचा सभासद जोसेफ ग्लॅनव्हिल याच वाटेने थेट चेटकिणींपर्यंत गेला. कारण डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो फक्त घटनांचा क्रम, हे त्याने ह्यूमच्या कितीतरी आधी, १६६१ मध्येच लिहिले. म्हणून चेटूक अशक्य आहे असे म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. साक्षी गोळा करा. टेडवर्थ गावच्या एका घरात अदृश्य ढोल वाजतो हे ऐकून तो स्वतः तिथे गेला, रात्री मुलांच्या पलंगाजवळ खरवडण्याचा आवाज ऐकला आणि खात्री पटून परतला. ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांवरच्या प्रकरणात याच्या उलट टोक गाठले. साक्ष खोटी असण्याची शक्यता आणि घटना घडण्याची शक्यता तराजूत घाला, असे त्याने सुचवले. मूळ गृहीतक दोघांचे एकच.

न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर लायब्निझने जो आक्षेप घेतला तो या पार्श्वभूमीवर वाचला की नीट कळतो. मध्ये काही नसताना सूर्य पृथ्वीला ओढतो, म्हणजे मध्ययुगातले गुप्त गुण मागच्या दाराने परत आले, असे त्याचे म्हणणे. आपल्या ग्रंथाच्या १७१३च्या आवृत्तीत न्यूटनने उत्तर दिले: कारण मला ठाऊक नाही आणि त्यावर मी कल्पना लढवणार नाही, परिणाम घटनांवरून सिद्ध होतो आणि गणिताने सांगता येतो, तेवढे पुरे. लायब्निझचे निदान चुकले होते असे म्हणवत नाही. गुप्त गुण खरेच परत आले होते, फक्त या वेळी त्यांच्यासोबत सूत्र होते आणि कुणालाही ते पडताळता येत होते.

विसाव्या शतकात फ्रान्सिस येट्स या विदुषीने १९६४च्या जॉर्दानो ब्रुनोवरील ग्रंथातून, आधुनिक विज्ञानाची प्रेरणाच हर्मीसपंथी जादूतून आली, असा दावा केला. तो फार ताणलेला होता. चुंबकसूई बनवणारे कारागीर, तोफखाना, खाणी, गणित यांचा हिस्सा त्यात झाकला जातो. पण येट्सबाईंनंतर हा शेजार कुणाला नाकारता आलेला नाही.

एक गोष्ट मात्र या चर्चेत मागे पडते. गूढविद्येने अनुभववादाला विषय पुरवले, तशी हत्यारेही घडवायला लावली. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’च्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. पॅसी येथे फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरचा शिष्य देस्लाँ याने एक झाड भारले. बारा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाला मिठी मारायला लावली. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला, आणि भारलेले झाड होते चोवीस फुटांवर! औषधांच्या चाचणीत आज रोग्याला काय दिले ते कळू देत नाहीत. त्या रीतीचे हे आद्य उदाहरण. १८५३ मध्ये मेज फिरवण्याचे खूळ आले तेव्हा फॅरेडेने हात आणि मेज यांच्यामध्ये मऊ लुकणाने चिकटवलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. वरचा पुठ्ठा आधी सरकला. म्हणजे हात मेजाला ढकलत होते आणि ढकलणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ शार्ल रिशेने १८८४ मध्ये विचारसंक्रमण तपासताना पत्ते यदृच्छेने काढले आणि उत्तरांना संभाव्यतेचे गणित लावले. पुढे १९१३ साली त्याला वैद्यकाचे नोबेल मिळाले, ते अर्थातच वेगळ्या कामासाठी.

या कथेचा एक पदर मुंबईतून जातो. थिऑसॉफी पंथाचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट १८७९च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, गिरगावात बिऱ्हाड थाटले आणि ऑक्टोबरपासून ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू केले. हिमालयातल्या महात्म्यांची पत्रे छतातून पडू लागली. १८८२च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलला. दोन वर्षांनी कूलाँ नावाच्या घरातल्याच जोडप्याने बिंग फोडल्याचा दावा केला, तेव्हा लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन या तरुणाला चौकशीसाठी हिंदुस्थानात धाडले. ही संस्था १८८२ मध्ये केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांच्या अध्यक्षतेखाली, अशा दाव्यांचा निःपक्ष तपास करण्यासाठीच स्थापन झाली होती. हॉजसनने काही महिने राहून जबान्या घेतल्या, हस्ताक्षरे ताडली आणि १८८५च्या अहवालात बाईंना लबाड ठरवले.

लंडनला परतल्यावर हॉजसनने अधिक मोलाचे काम केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एस. जे. डेव्ही या हौशी जादूगाराने पाटीवर आत्म्यांचे लेखन उमटवण्याच्या बनावट बैठका भरवल्या आणि हजर लोकांकडून काय पाहिले ते लिहून घेतले. १८८७ मध्ये दोघांनी ते निवेदनांसह प्रसिद्ध केले. सुशिक्षित, प्रामाणिक माणसांनी महत्त्वाचे क्षण गाळले होते, घटनांचा क्रम बदलला होता, न घडलेले घडले म्हणून लिहिले होते. नैसर्गिक निवडीचा सहशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस याला तरीही वाटत राहिले की डेव्ही खराच माध्यम असावा.

हॉजसनच्या अहवालाचीही फेरतपासणी झाली. १९८६ मध्ये बनावट कागदपत्रांचे जाणकार व्हर्नन हॅरिसन यांनी त्यातल्या हस्ताक्षराच्या पुराव्याची चिरफाड करणारा लेख लिहिला आणि तो सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्याच नियतकालिकात छापून आला. ब्लाव्हाट्स्कीबाईंना निर्दोष ठरवायला तो पुरेसा नाही. पण स्वतःचा शंभर वर्षांचा अहवाल स्वतःच्याच पानांत खोडू देणारी संस्था जॉन डीच्या काळी कुठेही नव्हती.